वेदीवर मराठी, वर्गात इंग्रजी

गेले तीन शनिवार इथे काही लिहिलं नाही. रिलीज होतं, आणि रिलीजच्या आधी आमच्या धंद्यातला माणूस माणसांत नसतो. आज मात्र चहाचा कप घेऊन बसलोय, कारण दिवाळीच्या सुट्टीपासून एक गोष्ट डोक्यात घोळते आहे आणि लिहून टाकल्याशिवाय ती जाणार नाही. विषय घरचा आहे. घरचं बोलणं चारचौघांत काढू नये असं आमच्या आईचं मत. पण घरात बोलून झालं, आता इथे.

मी वसईचा. कॅथलिक. पुण्यात आडनाव सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "गोव्याचे का?" आणि दुसरा, "घरी इंग्लिशच बोलत असाल ना?" दोन्हीचं उत्तर नाही. घरी आम्ही कादोडी बोलतो, म्हणजे वसईच्या सामवेदी ख्रिस्ती लोकांची बोली. घराबाहेर मराठी. मिस्सा मराठीत, पापनिवेदन मराठीत, मयताच्या प्रार्थना मराठीत. माझं शिक्षण पहिलीपासून दहावीपर्यंत चर्चच्या आवारातल्या मराठी शाळेत झालं. गणित मराठीत, भूमिती मराठीत. लघुकोन आणि विशालकोन मला आजही तसेच आठवतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला चार महिने बोबडी वळली होती, पाचव्या महिन्यात सुटली. त्यावर पुन्हा कधीतरी.

ऑक्टोबर हा आमच्याकडे जपमाळेचा महिना. सुट्टीत गावी गेलो होतो. संध्याकाळी आई ओट्यावर बसून जपमाळ सांगत होती आणि माझी नऊ वर्षांची मुलगी तिच्याबरोबर म्हणत होती. एक शब्द चुकत नव्हता. मी खूश. संपल्यावर सहज विचारलं, "यातला कुठला भाग तुला आवडतो?" ती म्हणाली, "पप्पा, मला मीनिंग कुठे माहितीये? मला फक्त पाठ आहे." वायफायचा पासवर्ड पाठ असावा तसं. अक्षर न् अक्षर बरोबर, आणि अर्थ शून्य.

आई काही बोलली नाही. तिने माळ डबीत ठेवली आणि आत गेली. मला वाटतं तिला कळलं होतं.

त्याच सुट्टीत शाळेला चक्कर मारली. शाळेचं नाव सांगत नाही. एकट्या तिचा दोष नाही, आणि वसईत अशा शाळा दाखवायला फार लांब जावं लागत नाही. आमच्या वेळची पुढची मोठी इमारत आता इंग्रजी माध्यमाची आहे. रंग नवा, फाटक नवं, कॉम्प्युटर लॅबची पाटी. मराठी शाळा मागच्या बैठ्या चाळवजा इमारतीत, जिथे आमच्या वेळी लाकूडसामान ठेवायचे. आमच्या वर्गाच्या तीन तुकड्या होत्या, प्रत्येकीत पन्नासच्या पुढे पोरं. आता एक तुकडी, तीही अर्धी रिकामी. त्यातली बरीचशी मुलं बाहेरून कामाला आलेल्या मजुरांची, वीटभट्टीवरची, आदिवासी पाड्यावरची. चर्चच्या पहिल्या बाकांवर बसणाऱ्या घरांतलं एकही मूल नाही. फादर भले माणूस. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "मागणीच नाही रे. आम्ही तरी काय करणार?"

हे "आम्ही तरी काय करणार" मी ओळखतो. माझ्या धंद्यात रोज ऐकतो.

एखादी जुनी सिस्टीम बंद करायची असली की आम्ही ती एकदम बंद करत नाही. ग्राहक ओरडतील. आम्ही आधी चांगली माणसं तिथून काढून नव्या प्रॉडक्टवर टाकतो. मग नवी फीचर्स देणं थांबवतो. मग बग दुरुस्त करणं थांबवतो. कंटाळून लोक आपणहून सोडून जातात. दोन वर्षांनी मीटिंगमध्ये एक आलेख दाखवतो, की पाहा, युजर्स घटले, मागणी नाही. सगळे माना डोलावतात. खून झाला, पण प्रेताच्या हातात राजीनामा.

मराठी शाळेचं हेच होतं. आधी त्याच आवारात, त्याच संताच्या नावाने, इंग्रजी माध्यमाची बालवाडी निघते. बालवाडी म्हणजे नळाचं तोंड. ते वळवलं की पाच वर्षांनी पाणी कुठे जाणार हे ठरलेलं. मग मराठी पहिलीचा पट कमी होतो. पट कमी झाला की संचमान्यतेत शिक्षकांची पदं उडतात. पदं उडाली की शिक्षक "अतिरिक्त" ठरतो आणि त्याचं समायोजन दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत होतं. एक शिक्षक गेला की उरलेले दोन-दोन वर्ग सांभाळतात. दोन वर्ग सांभाळणाऱ्या बाईंकडे कोण आपलं मूल पाठवेल? पट आणखी कमी. चक्र पूर्ण. आणि शेवटी कोणीतरी फादर अगदी प्रामाणिकपणे म्हणतात, मागणी नाही.

सरकार यात सामील आहे, हे मान्य. पटसंख्येचे निकष सरकारचे, वेतनेतर अनुदानाची रखडपट्टी सरकारची. पण बालवाडीचं माध्यम सरकारने ठरवलं नव्हतं. ते संस्थेने ठरवलं. आणि संस्थेच्या वर कोण बसतं?

इथे मी बिशपांकडे येतो.

वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. वसईच्या कॅथलिकांची भाषा मराठी, त्यांची उपासना मराठी, त्यांचा स्वभाव वेगळा, हे त्या घटनेमागचं सगळ्यांना माहीत असलेलं सत्य. पहिले बिशप थॉमस डाबरे. त्यांनी तुकाराम महाराजांच्या ईश्वरानुभवावर प्रबंध लिहिला आहे. आमच्यातलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिक वर्षानुवर्षं चालवलं, बायबल सुबोध मराठीत आणलं, आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ च्या जुलैत ते गेले. अजून मागे जायचं तर फादर स्टीफन्स, म्हणजे थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमध्ये जन्मलेला जेझुइट, १५७९ साली गोव्यात आला आणि मराठीत 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ साली ते राचोलला छापलं गेलं. चारशे वर्षांपूर्वी परक्या मुलखातल्या माणसाला वाटलं की ख्रिस्ताची कथा इथल्या लोकांना सांगायची तर ओवीत सांगावी लागेल. आमच्या बिशपांच्या प्रत्येक भाषणात स्टीफन्स असतो. शाळेच्या प्रवेश अर्जात नसतो.

आता थोडं कायद्याचं. कंटाळवाणं आहे, पण मुद्दा इथेच आहे.

चर्चच्या शाळांना जे संरक्षण मिळतं ते राज्यघटनेच्या ३० व्या कलमातून. धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क. त्याच्या आधीचं २९ वं कलम सांगतं की ज्या समूहाला स्वतःची वेगळी भाषा, लिपी किंवा संस्कृती आहे, त्याला ती जतन करण्याचा हक्क आहे. दोन्ही कलमं एकाच शीर्षकाखाली, पाठोपाठ. घटनाकारांच्या मनात चित्र होतं ते असं, की लहान समूहाचं वेगळेपण मोठ्या समूहाच्या रेट्यात वाहून जाऊ नये, म्हणून त्याच्या शाळेभोवती एक कुंपण असावं.

वसईच्या कॅथलिकांना वेगळेपण आहे का? आहे. बोली आहे, पेहराव आहे, गाणी आहेत, शेतीवाडीचा शब्दकोश आहे. कुंपण त्यासाठीच मिळालं. आणि त्या कुंपणाच्या आत आम्ही काय लावलं? तेच, जे कुंपणाबाहेर प्रत्येक बिल्डर आणि प्रत्येक नगरसेवक आपल्या 'इंटरनॅशनल' शाळेत लावतो आहे. मग हे संरक्षण नेमकं कशाचं?

पुढचं ऐका. ६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या एकाच घटनापीठाने दोन निकाल दिले. एका निकालाने सांगितलं की शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू नाही, अनुदानित असोत वा विनाअनुदानित. म्हणजे दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी पंचवीस टक्के जागा ठेवण्याचं बंधन चर्चच्या शाळेवर नाही. दुसरा निकाल कर्नाटकातला. त्याने सांगितलं की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतूनच द्या अशी सक्ती सरकारला करता येणार नाही.

दोन्ही निकाल बिशपांच्या शाळांना मोकळीक देणारे. पहिल्याबद्दल १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवला. त्याचं व्हायचं ते होवो. माझा मुद्दा कायद्याचा नाहीच. माझा मुद्दा असा की कायद्याने हात मोकळे केल्यावर माणूस त्या हातांनी काय करतो, त्यावरून तो कळतो. गरिबाला आत घ्याच असं कोणी सांगू शकत नाही, आणि मातृभाषेत शिकवाच असंही कोणी सांगू शकत नाही. आता ज्याने-त्याने आपल्या विवेकाने ठरवायचं. आणि विवेक हा तर बिशपांचा विषय. रविवारी त्यावरच प्रवचन असतं.

"पण सगळ्या शाळा बिशपांच्या नसतात, काही जेझुइटांच्या, काही धर्मभगिनींच्या, प्रत्येकाचा ट्रस्ट वेगळा." हा युक्तिवाद मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि कागदोपत्री तो खरा आहे. पण चर्चचा स्वतःचा कायदा, १९८३ ची कॅनन लॉ संहिता, काय म्हणते? कॅनन ८०३ प्रमाणे चर्चच्या अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कुठल्याही शाळेला स्वतःला 'कॅथलिक शाळा' म्हणवून घेता येत नाही. कॅनन ८०६ प्रमाणे आपल्या धर्मप्रांतातल्या कॅथलिक शाळांवर देखरेख ठेवण्याचा आणि तिथे भेट देण्याचा हक्क बिशपांना आहे, त्या शाळा धर्मसंघांनी काढलेल्या असल्या तरी. म्हणजे पाटी त्यांच्या परवानगीची आणि देखरेख त्यांची. हात वर करायला जागा नाही.

आणि बिशपांना एकत्र येऊन काही करता येत नाही असंही नाही. कंधमालमध्ये ख्रिस्ती लोकांवर हल्ले झाले तेव्हा २९ ऑगस्ट २००८ रोजी देशभरातल्या कॅथलिक शाळा एक दिवस बंद ठेवल्या गेल्या. त्या बंदबद्दल मला आजही अभिमान आहे. बिशपांच्या परिषदेने हाक दिली आणि काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत घंटा वाजली नाही. त्याच्याही आधी, १९५९ साली केरळात, नंबुद्रिपाद सरकारच्या शिक्षण कायद्याविरुद्ध विमोचन समर झालं. त्यात नायर संघटनेबरोबर चर्च पुढे होतं, आणि ३१ जुलैला ते सरकार बरखास्त झालं. त्या लढ्याची बाजू घ्यायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला एवढंच दिसतं, की शाळेतल्या नेमणुका कोणी करायच्या हा प्रश्न आला तेव्हा ताकद होती. शाळेत कुठली भाषा बोलायची हा प्रश्न आला की "आम्ही तरी काय करणार".

गोव्याचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. तिथे १९९० साली सरकारने ठरवलं, शिक्षणमंत्री होत्या शशिकला काकोडकर, की प्राथमिक शाळेला अनुदान हवं असेल तर माध्यम कोकणी, मराठी अशी भारतीय भाषा हवी. गोव्याच्या धर्मप्रांताने आपल्या शंभराहून जास्त प्राथमिक शाळा इंग्रजीतून कोकणीत नेल्या. शंभराहून जास्त! मी याला छोटी गोष्ट मानत नाही. तिथल्या कॅथलिकांची सवय रोमी लिपीची, पुस्तकं देवनागरीत, पालक नाराज. तरी केलं. मग २०११ साली दिगंबर कामत सरकारने इंग्रजी माध्यमालाही अनुदानाचं दार उघडलं, आणि त्याच शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या. या निर्णयाला विरोध करणारा पक्ष २०१२ ला सत्तेवर आला, आणि पर्रीकरांनीही चर्चच्या इंग्रजी शाळांचं अनुदान चालूच ठेवलं. त्यावरून पुढे २०१६ साली गोव्यातल्या संघाचे प्रमुख सुभाष वेलिंगकर यांना पदावरून जावं लागलं. राजकारणात कोण कुणाला फसवत होतं ते सोडा. मी इंजिनिअर आहे, मी इनपुट आणि आउटपुट बघतो. अनुदान कोकणीकडे तर शाळा कोकणी. अनुदान इंग्रजीकडे तर शाळा इंग्रजी. महाराष्ट्रात अनुदान मराठीला मिळतं, पण इंग्रजीत फी मिळते, म्हणून शाळा इंग्रजी. तीन प्रसंग आणि एकच नियम. त्या नियमात कुठेही मातृभाषा नाही आणि कुठेही शुभवर्तमान नाही.

आणि हो, गोव्याने आणखी एक गोष्ट सिद्ध केली. बिशपांच्या व्यवस्थेने मनावर घेतलं तर शंभर शाळांचं माध्यम बदलता येतं. म्हणजे जमत नाही, हे खोटं.

आता तुम्ही म्हणाल, बाबा रे, तू स्वतः इंग्रजी लिहून पोट भरतोस. पालकांना मुलांचं भलं नको का?

बरोबर आहे. आणि आता मी माझी चोरी कबूल करतो, कारण ती न करता हा लेख लिहिणं म्हणजे निव्वळ ढोंग होईल. माझी मुलगी पुण्यात इंग्रजी माध्यमात आहे. चर्चच्याच. प्रवेशासाठी मी बाप्तिस्म्याचा दाखला घेऊन सकाळी सहाला रांगेत उभा होतो. दाखला उपयोगी पडला. त्या रांगेत मला कोणी विचारलं असतं की मराठीतून का नाही, तर मी म्हटलं असतं, चांगली मराठी शाळा दाखवा, लगेच घालतो. आणि ते खोटं नव्हतं. घराजवळ चांगली मराठी शाळा नव्हती. का नव्हती? कारण माझ्यासारख्यांनी आधीच नळ वळवला होता.

म्हणजे "पालकांची मागणी" ही आकाशातून पडत नाही. पालक निवड करतो ती समोर जे ठेवलंय त्यातून. एकीकडे रंगवलेली इमारत, लॅब, सगळ्या वर्गांना शिक्षक. दुसरीकडे मागची चाळ. हा कौल घेतला असं म्हणायचं आणि मग कौलाचा मान राखतो म्हणायचं, याला आमच्याकडे वेगळा शब्द आहे. तो इथे लिहीत नाही.

शिवाय चर्च कधीपासून मागणीप्रमाणे पुरवठा करायला लागलं? तरुणांची मागणी आहे म्हणून लेंटचे उपवास रद्द केले का? लोकांना आवडत नाही म्हणून क्षमेवरचं प्रवचन थांबवलं का? जे लोकांना नको असतं पण त्यांच्या भल्याचं असतं, ते सांगण्यासाठीच तर तुमच्या हातात तो दंड दिलाय, मेंढपाळाचा. मेंढरं जातील तिकडे मागून चालत जायचं असेल तर दंडाची गरज नाही.

मी इंग्रजीच्या विरोधात नाही, हे पुन्हा एकदा लिहितो, कारण कोणीतरी खाली तेच म्हणणार आहे. इंग्रजी उत्तम शिकवा. पहिलीपासून शिकवा. पण इंग्रजी शिकणं वेगळं आणि गुणाकार, पावसाचं चक्र, गांडूळ, शिवाजी महाराज सगळं इंग्रजीतून शिकणं वेगळं. आईची भाषा घरी आहेच, असं म्हणणाऱ्यांनी माझ्या मुलीचं मराठी ऐकावं. जेवणापुरतं आणि रुसण्यापुरतं आहे. विचार करण्यापुरतं नाही. तिची आजी तिला काय सांगू शकत होती आणि काय सांगू शकत नाही, ते मी त्या ओट्यावर पाहिलं.

आणि दुसरी बाजू गरिबाची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासना लोकभाषेत आणायचं दार उघडलं. लॅटिन गेली, मराठी आली, आणि आमच्या आजीला आयुष्यात पहिल्यांदा मिस्सा कळली. त्याच परिषदेने १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये शिक्षणावर घोषणापत्र काढलं, आणि त्यात कॅथलिक शाळांनी गरिबांकडे विशेष लक्ष द्यावं असं बजावलं. या दोन कागदांची सांगड घाला. गरिबाच्या भाषेत शिकवणारी, गरिबाला घेणारी शाळा. तीच आज मागच्या चाळीत आहे. वीटभट्टीवरची मुलं जिथे बसली आहेत तीच खरी तर त्या परिषदेची शाळा. आणि आपण तिला शिल्लक माल समजतो.

नुसती टीका करून थांबलो तर माझा मॅनेजर म्हणतो तसं, "प्रॉब्लेम सगळ्यांना माहितीये, सोल्युशन बोल." तर बोलतो. मागण्या तीनच.

१) धर्मप्रांताच्या प्रत्येक विभागात किमान एक मराठी शाळा निवडा, आणि तिला सगळ्यात चांगली इमारत, सगळ्यात चांगला मुख्याध्यापक, सगळ्यात चांगला इंग्रजीचा शिक्षक द्या. बालवाडीपासून. दहा वर्षं हात लावू नका. मग मागणी आहे की नाही ते मोजू.

२) इंग्रजी शाळांच्या फीतला ठरावीक वाटा त्या मराठी शाळांकडे वळवा. आणि पंचवीस टक्के गरीब मुलं न्यायालयाने सांगितली नाहीत तरी घ्या. आपणहून घ्या. सक्तीने घेतलेल्या मुलात आणि बोलावून घेतलेल्या मुलात फरक असतो, हे वर्गातल्या प्रत्येकाला कळतं.

३) दर वर्षी आकडे जाहीर करा. कुठल्या माध्यमात किती मुलं, त्यात किती फी न भरू शकणारी, मराठीच्या किती तुकड्या बंद झाल्या. ख्रिस्तमंदिराच्या नोटीस बोर्डावर लावा, लग्नाच्या जाहीर सूचनांच्या शेजारी. जे मोजत नाही ते सुधारत नाही, एवढं मी वीस वर्षांत शिकलोय.

आता एक इशारा. हा लेख काही लोकांना फार आवडेल, आणि त्यांनी तो फॉरवर्ड करू नये अशी विनंती. २०१९ साली दिब्रिटोंची संमेलनाध्यक्ष म्हणून निवड झाली तेव्हा "पाद्री कसला मराठीचा" म्हणून ज्यांनी आरडाओरडा केला, त्यांना आमच्या मराठीची काळजी करण्याचा हक्क नाही. ज्यांची स्वतःची पोरं कॉन्व्हेंटात आहेत आणि ज्यांचं मराठीप्रेम पाट्यांवर सुरू होऊन पाट्यांवर संपतं, त्यांनाही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सगळ्यांनी पेढे वाटले. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा हिंदीचा आदेश निघाला तेव्हा सगळे रस्त्यावर, आणि २९ जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. छान झालं. पण पेढे वाटणाऱ्यांपैकी आणि मोर्चात गेलेल्यांपैकी कितीजणांची मुलं मराठी शाळेत होती? मी मोर्च्याचे फोटो शेअर केले होते. माझी नव्हती.

म्हणून हे भांडण आतलं आहे. बिशपांशी माझं भांडण परक्याशी नाही, घरच्या कर्त्याशी आहे. कर्त्याने जमीन विकायला काढली की धाकट्याने ओरडायचं असतं, त्याने स्वतः दोन गुंठे आधीच विकलेले असले तरी.

फादर दिब्रिटोंच्या पिढीला वसईतली झाडं आणि विहिरी वाचवायच्या होत्या, आणि ते रस्त्यावर उतरले. त्यांना माहीत होतं की एकदा टँकर लॉबीने पाणी उपसलं की विहिरीला खारं पाणी लागतं, आणि मग कितीही प्रार्थना केली तरी ते गोडं होत नाही. भाषेचंही तसंच. आमच्या ओट्यावर खारं पाणी लागलं आहे. मी चव घेतली.

असो. फार लांबलं. उद्या रविवार. पुण्यातही मराठी मिस्सा असते, पण आम्ही आजवर सोयीच्या वेळेची इंग्रजी गाठत आलो. उद्या मुलीला मराठी मिस्सेला नेणार आहे. शेजारी बसून एकेक शब्दाचा अर्थ कानात सांगणार आहे. लोक वळून बघतील, बघू देत. हे काम शाळेचं होतं.